फेट्याखालची खोक

फोटोत त्या शेतकऱ्याचा चेहरा चिंचोक्याएवढा आहे. लेकीच्या लग्नातला ग्रुप फोटो, मागच्या रांगेत डावीकडून तिसरे, डोक्याला फेटा. गाव किल्लारीजवळचं. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात दगडमातीच्या रुंद भिंती कोसळल्या. त्यात ते गेले, ट्रंकेतले सगळे फोटोही गेले. हा एक लेकीच्या सासरी होता म्हणून राहिला. आता मुलांना शेतात त्यांचा अर्धपुतळा बसवायचा आहे.

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी चार दिवस हे काम बघत बसलो होतो. शिल्पकारानं आधी फोटो स्कॅन करून खऱ्या डोक्याएवढा केला. माप कुठून आणलं, असं विचारलं तेव्हा त्यानं माझ्याच डोळ्यांसमोर कॅलिपर धरला. मोठ्या माणसाच्या एका बुबुळापासून दुसऱ्यापर्यंत साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. तेवढं जुळेपर्यंत फोटो वाढवायचा, की कपाळ, नाक, हनुवटी आपापल्या मापात येतात.

अडचण त्यानंतर सुरू होते. लांबून काढलेल्या फोटोत चेहरा चपटा होतो. मोबाइल नाकाशी धरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं नि कान मागे जातात. समोरून फ्लॅश पडला तर सावली उरत नाही, आणि शिल्पकार खोली वाचतो ती सावलीवरून. जुन्या फ्रेममधल्या फोटोत तर स्टुडिओवाल्यानं ब्रशनं सुरकुत्याही पुसलेल्या असतात. इथं नशीब असं की फोटो मांडवाबाहेर, कलत्या उन्हात काढलेला होता. गालाच्या हाडाखाली काळी रेघ होती. तो दोन दिवस त्या रेघेवरच काम करत होता.

पुतण्यानं मोबाइलच्या ॲपवर चेहरा स्वच्छ करून आणला होता. चकचकीत डोळे, एकेक पापणी वेगळी. शेतकऱ्याच्या पत्नीनं, म्हणजे आजींनी, तो हातात धरला आणि विचारलं, "हे कोण हाय?" ॲपनं ठिपक्यांच्या जागी दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे बसवले होते. शिल्पकारानं तो प्रिंट उलटा करून ठेवला आणि पुन्हा त्या धुरकट चेहऱ्याकडे वळला. मला ते फार बरोबर वाटलं. न दिसणारी गोष्ट न दिसणारी म्हणूनच समोर राहिली, तर माणूस ती विचारायला जातो.

1860 च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्रांस्वा विलेम नावाच्या शिल्पकारानं माणसाला मधोमध उभं करून भोवती 24 कॅमेरे लावले होते. एकेका फोटोची कडा पँटोग्राफनं मातीवर उतरवायची, म्हणजे सगळ्या बाजू मिळतात. आजचं थ्रीडी स्कॅनिंग त्याच वाटेनं आलं आहे. मोठ्या माणसांच्या पुतळ्यांना फोटोंची वाण नसते. लातूरच्या आंबेडकर पार्कात 2022 साली बाबासाहेबांचा 70 फुटी पुतळा उभा राहिला. त्यांचे तरुणपणापासून उतारवयापर्यंतचे कितीतरी फोटो आहेत. शेतकऱ्याची एकच बाजू हाती लागते, आणि पाठीमागून तर कुणीच कुणाचा फोटो काढत नाही.

मग बाकीचा माणूस घरच्यांकडून गोळा करायचा. पाइपाच्या सांगाड्याला तारेनं लाकडी फुल्या टांगल्या होत्या, ओली माती घसरू नये म्हणून. त्यावर डोकं चढत होतं. कान धाकट्या मुलाचे घेतले. त्याला स्टुलावर बसवून. मान थोरल्याची. रात्री सगळं ओल्या गोणपाटाखाली.

त्याच 1993 मध्ये कलाकार विवान सुंदरम यांनी 'मेमोरियल' केलं होतं. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या एका अनोळखी माणसाचा वर्तमानपत्रातला फोटो घेऊन, त्याच्यावर खिळे ठोकून, त्याच्याभोवती त्यांनी स्मारक रचलं. तिथं फोटो फोटोच राहिला. या शेडमध्ये तो हळूहळू मातीत उतरत होता, तरी मला दोन्ही कामं एकाच घरची वाटत राहिली. दोन्हीकडं एका माणसाचा एकच कागद उरला होता आणि त्याला कुणीतरी जागा देत होतं.

तिसऱ्या दिवशी आजी मातीच्या डोक्याला फेरी मारून मागं थांबल्या. तोवर फेटा चढवला नव्हता. आधी उघडी कवटी घडवावी लागते, नाहीतर फेटा मडक्यावर ठेवल्यासारखा दिसतो.

"हितं खोक व्हती," त्या म्हणाल्या. "मालकाला बैलानं शिंग मारलं व्हतं. केस नव्हते तितं."

"मावशी, किती लांब?"

त्यांनी तर्जनीचं एक पेर दाखवलं. मग जरा थांबून स्वतःच म्हणाल्या, "पर फेट्याखाली जाईल की ते."

"जाऊ द्या. तिरपी होती का सरळ?"

"तिरपी. उजव्या कानाकडं."

त्यानं कोरणी घेतली. पहिली खूण आजींना फार वर वाटली. ती बुजवून त्यानं बोटभर खाली दुसरी काढली. कडेला माती किंचित उचलली, भरलेल्या जखमेची असते तशी. आजींनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा मातीच्या पट्ट्यांचे पाच पेच डोक्यावर बसले होते आणि तो सहावा लाटत होता. साच्यासाठी प्लास्टरची पोती दारात येऊन पडली होती.