दादागिरीवर उपाय वेळापत्रकातल्या तासाचा

शाळेतली दादागिरी म्हणजे साधे भांडण नव्हे. बरोबरीची दोन मुले हमरीतुमरीवर आली तर ते भांडण. एकाच मुलाला जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा छळले जाते आणि त्याच्यात प्रतिकाराची ताकद नसते, तेव्हा ती दादागिरी. ही व्याख्या रूढ केली ती डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाने. नॉर्वेतल्या शाळांमध्ये त्याचा प्रतिबंधक कार्यक्रम 1983 मध्ये सुरू झाला. रंगावरून किंवा जातीवरून चिडवणे, डबा हिसकावणे, ठरवून खेळात न घेणे ही दादागिरीची नेहमीची रूपे.

सहावी ते आठवीचे वय यात विशेष नाजूक. शरीर बदलत असते आणि घरच्यांपेक्षा सोबत्यांचे मत मोलाचे वाटू लागते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी तर याच सुमारास आसपासच्या खेड्यांतली मुले पुढच्या शिक्षणासाठी येऊ लागतात. वर्ग नवा, मुले अनोळखी. अशा वेळी बोलण्यावरून वा कपड्यांवरून होणारी टिंगल फार खोल लागते.

यावरचा एक उपाय म्हणजे सामाजिक-भावनिक शिक्षण. त्याचा भर शिक्षेपेक्षा सवयीवर असतो. आपल्या भावना ओळखणे, राग आवरणे, दुसऱ्याचे मन जाणणे, नाती सांभाळणे आणि विचारपूर्वक निर्णय घेणे ही कौशल्ये पाढ्यांसारखी सरावानेच अंगवळणी पडतात.

महाराष्ट्रातला अशा शिक्षणाचा महत्त्वाचा प्रयोग 2008 मध्ये मुंबईत सुरू झाला. ‘जेम्स’ नावाचा हा उपक्रम आयसीआरडब्ल्यू ही संशोधन संस्था, कोरो ही स्वयंसेवी संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी महापालिकेच्या 45 शाळांत, सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी राबवला. काही शाळांत नियमित गटसत्रे आणि जोडीला मोहीम होती, काही शाळांत फक्त मोहीम, तर उरलेल्या शाळा तुलनेसाठी होत्या. मुलगा-मुलगी भेद, शरीरातले बदल, हिंसा, मतभेद मिटवण्याचे मार्ग हे सत्रांचे विषय. मुलांना स्वतःची डायरीही दिली होती. समतेच्या बाजूने विचार बदलले ते सर्वाधिक गटसत्रांच्या शाळांत. प्रत्यक्ष वागणुकीतला बदल मात्र इतका सरळ दिसला नाही. मत लवकर बदलते, सवय जायला वेळ लागतो. मोहिमेतले नुसते फलक आणि प्रभातफेऱ्या पुरत नाहीत, त्या याच कारणाने.

अशा शिक्षणाच्या तासाला वर्गात काय चालते? शिक्षक एक प्रसंग मांडतात: मधल्या सुट्टीत तिघे एकाच्या वहीची फेकाफेकी करत आहेत, बाकीचे हसत आहेत. मुले आलटून पालटून वही फेकणारा, वहीचा मालक आणि बघे होतात. मग प्रत्येकाला काय वाटले, यावर बोलणे होते. सर्वांत मोलाची भूमिका बघ्यांची. हसणे थांबले की दादागिरीचा जोर ओसरतो; कोणी त्या मुलाच्या शेजारी जाऊन उभे राहिले तर तो एकटा पडत नाही. फिनलंडचा ‘किवा’ हा कार्यक्रम याच सूत्रावर उभा आहे.

अभ्यास मागे पडेल, ही पालकांची भीती अनाठायी आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 213 शालेय कार्यक्रमांच्या एकत्रित अभ्यासात अशा शिक्षणाने वागणूक आणि परीक्षेतले यश दोन्ही सुधारल्याचे आढळले.

मोठ्यांचे वागणेही याच शिक्षणाचा भाग आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. छडीने गप्प केलेला वर्ग जोर-जबरदस्तीच शिकतो. शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी सखी-सावित्री समितीची तरतूद आहे. तातडीच्या मदतीसाठी 1098 ही बालसाहाय्य सेवा आहे. पण तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहील आणि तक्रारीची दखल घेतली जाईल, हा भरवसा असेल तरच मूल चिठ्ठी लिहील. त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण आणि वेळापत्रकात दर आठवड्याला हक्काचा तास, दोन्ही मिळाले पाहिजेत.