टर्बोची कैफियत

जे गाव मल्लिकार्जुनाच्या प्राचीन देवालयासाठी आणि यज्ञवराहाच्या शिल्पासाठी ओळखले जाते, त्या लोणी भापकराविषयी लिहिताना मोटारीच्या श्वासोच्छ्वासाचा विषय काढणे कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु बारामती तालुक्याच्या या जिराईत टापूत दवाखाना, बाजार नि कचेरी या सर्वांसाठी गाडी काढल्यावाचून गत्यंतर नसल्यामुळे, गेल्या पंचवीस वर्षांत ‘गाडीचा पिकअप गेला’ ही तक्रार पावसाच्या तक्रारीखालोखाल माझ्या कानी आली आहे.

सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या वायूच्या रेट्याने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राकरवी इंजिनात हवा कोंबावी, या टर्बोच्या कल्पनेची सनद आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ सालीच घेतली होती. आमच्या दारात मात्र ती सावकाश आली. १९९८ च्या अखेरची डिझेल इंडिका बिनटर्बोची होती. त्याच वर्षीच्या सफारीला टर्बो होता, पण ती बाळगणारा विरळा. २००७ साली डिझेल स्विफ्ट निघाली, तेव्हा कुठे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारे ते चक्र सामान्य बागाईतदाराच्या अंगणात येऊन उभे राहिले.

त्या काळी तपासाचा सारा मुलूख डोळ्याकानांच्या अमलाखाली होता. काळा धूर म्हणजे हवा अपुरी, निळा म्हणजे ऑइल जळते. दांडा बोटांनी हलवून पाहावा, आडवा किंचित डुगडुगला तर हरकत नाही, पण आतबाहेर सरकला तर टर्बोचे दिवस भरले.

पुढे स्कॅनर आला आणि त्याच्या शब्दाला फर्मानाचे मोल चढले. पुण्याहून परतताना दिवे घाटात माझ्या गाडीने मान टाकली, चेक लाइट लागला, आणि एका मोठ्या गॅरेजात ‘पी०२९९’ हा आकडा निघताच नव्या टर्बोचा अंदाजखर्च हाती ठेवण्यात आला. वास्तविक तो आकडा इतकेच सांगतो की हवेचा दाब हवा तितका भरत नाही; ती कैफियत झाली, निवाडा नव्हे.

गावाकडच्या फिटरने प्रथम इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली. स्कॅनरवर हवेच्या दाबाच्या सेन्सरने ९५ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे आमच्या उंचीवरील बाहेरच्या हवेइतकाच दाब दाखवला. सेन्सर निर्दोष सुटला. मग मी चढावर तिसऱ्या गिअरात गाडी रेटली आणि फिटर आकडे पाहत बसला. दोनशेकडे झेपावणारा दाब दीडशेवरच अडखळला. टर्बोला हात न लावता त्याने हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजखालून बोटे फिरवली. क्लँपलगत ऑइलच्या ओलीवर आमच्या रस्त्याची धूळ बसून काळा लगदा झाला होता. होजच्या आत तेलाचा पुसट थर असतोच, बाहेर दिसला की समजावे, हवा तिथूनच निसटते. चीर इतकी बारीक, की गाडी उभी असताना मिटलेली राही आणि दाब चढला की उघडे. त्यामुळे जाग्यावर केलेल्या फेरतपासणीत ती कोणास सापडेना.

२०२० पासून बीएस-६ च्या नियमांमुळे धूर गाळणारी जाळी बहुतेक डिझेल गाड्यांत आली, आणि काळ्या धुराची ती जुनी साक्षही बंद झाली. फिटरपाशी आता स्वतःचा स्कॅनर आहे. बॉनेट उघडल्यावर तो आधी होजखालून हात फिरवतो, आणि हात तेलकट निघाला, तर स्कॅनर पेटीतच राहतो.