घाम गेला म्हणजे चरबी गेली?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे"ची संख्या कमी केलीये.

आजचा विषय चरबी. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही, दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणारा माणूस. पण दीड महिन्यापूर्वी बाबांचं एचबीए१सी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, तीन महिने देतो, पोट कमी करा, नाहीतर गोळी सुरू करू. झालं! शेजारच्या काकांनी पोटाला बांधायचा घामाचा पट्टा आणून दिला, आत्याने मध-लिंबूपाणी सांगितलं, बागेतल्या मंडळींनी रोज शंभर सिट-अप्स. हातात तीनच महिने, आणि त्यातला एक जरी या पट्ट्यात गेला तरी परवडणार नव्हतं. म्हणून मी वाचायला बसलो.

आधी पट्टाच घेऊ. पट्टा बांधून चाललात की वजनकाटा अर्धा किलो कमी दाखवतो, हे खरंय. पण ते पाणी असतं. घरी येऊन दोन तांबे पाणी प्यायलात की परत आलं. मग चरबी जाते कुठे? २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी याचा हिशेब ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबी मुख्यतः नाकातोंडावाटे जाते! (म्हणून आता जोरजोरात श्वास घेत बसू नका, नुसती चक्कर येईल. आधी ती जळायला हवी.)

सिट-अप्सचंही तसंच. पोटाचा व्यायाम केला की पोटाचे स्नायू मजबूत होतात, पण त्यांच्यावरची चरबी शरीर तिथूनच उचलेल असं नाही. १९७१ मध्ये टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले होते. वर्षानुवर्षं एकाच हाताने रॅकेट फिरवणारी माणसं, तो हात जाडजूड झालेला. पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण तुलना त्याच माणसाच्या दुसऱ्या हाताशी आहे.

आता जे ऐकून मी स्वतः थबकलो ते सांगतो. "आमचा मुलगा बारीकच आहे, त्याला काय होतंय" हे वाक्य. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त, ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. म्हणून नुसता वजनकाटा बघू नका, टेप घ्या. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० धरतात. पँटचा नंबर चालणार नाही, ती आपण पोटाखाली घालतो.

मग चालण्याने काय होतं? ७० किलोचा माणूस एक किलोमीटर चालला की साधारण ५० कॅलरी खर्च होतात. एक वडापाव तीनशेच्या आसपास. म्हणजे सहा किलोमीटर! आणि एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी असतात. नुसतं चालून पोट उतरवायचं म्हटलं तर पंढरपूरच गाठावं लागेल. चालणं सोडा असं म्हणत नाही, साखरेसाठी ते उत्तमच आहे. पण चरबीचा मुख्य हिशेब ताटात होतो.

ताटात काय लपतं? तेल. एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी. गूळ आणि साखर, कॅलरीत जवळपास जुळी भावंडं. आत्याच्या मधाचंही तेच, चरबी विरघळवणारं त्यात काही नाही. आणि उपास! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर दाण्याचं कूट, बटाटा, तूप. एकादशी दुप्पट खाशी उगाच नाही म्हणत.

किती वाजता खायचं, यावर घरोघरी भांडणं आहेत. २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ लठ्ठ लोकांवरचा एक अभ्यास आला. सगळ्यांच्या कॅलरी कमी केल्या, त्यातल्या निम्म्यांनी सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं. वर्षभराने दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक नव्हता. दोनदा जेवून कुणाचं एकूण खाणं कमी होत असेल तर छानच, पण घड्याळात जादू नाही.

शेवटचा मुद्दा स्नायूंचा. खाणं एकदम तोडलं तर चरबीसोबत स्नायूही जातात, आणि जेवणानंतरची साखर उचलण्याचं मोठं काम स्नायूच करतात. त्यामुळे बाबांचं आता असं चाललंय: भात निम्मा, घट्ट वरण जास्त, रोज दोन अंडी, तेल मोजून, आणि दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकवता उठबस. "हा काय व्यायाम झाला?" म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळलं त्यांना.

आणि हो, घरात कुणी आधीच इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल, तर हे ऐकून त्यांचं जेवण परस्पर बंद करू नका. औषध तेच आणि जेवण गायब झालं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना फोन करा, डोस बदलायचा का ते विचारा, मग ताट बदला.