अन्नप्राशन : मुहूर्त एका दिवसाचा, क्रम सहा महिन्यांचा

षोडश संस्कारांत अन्नप्राशनाचे स्थान काहीसे वेगळे आहे. नामकरण अथवा कर्णवेध ज्या दिवशी आरंभ पावतो त्याच दिवशी पूर्ण होतो. अन्नप्राशनाचा त्या दिवशी केवळ आरंभ होतो. मामाच्या मांडीवर बसून सोन्याच्या अंगठीने किंवा चांदीच्या चमच्याने खीर चाटलेले बालक दुसऱ्या दिवसापासून काय, किती आणि कोणत्या क्रमाने खाणार, याचा निर्णय उष्टावणाची पंगत उठल्यावर घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणशक्तीवर सोपविला जातो. वैद्याला विचारले जाते ते बहुधा दोन-तीन महिन्यांनी, बालकाचे वजन थांबल्यावर किंवा चेहरा पांढुरका दिसू लागल्यावर.

अशा बालकाच्या आहाराची चौकशी करता चिकित्सालयात जे उत्तर वारंवार कानी पडते ते असे : "सुरू केलंय की! भाताचं पाणी, वरणाचं पाणी, सगळं देतो." प्रस्तुत लेखात आम्ही याच उत्तराचा विचार करणार आहोत, कारण त्यात आपल्या शास्त्राचा आधार घेतल्याचा भास आहे आणि शास्त्राचा अर्धाच भाग आहे.

प्रश्न एखाद-दुसऱ्या घराचा नाही. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील ६ ते ८ महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ४५.९ टक्के बालकांना स्तन्याबरोबर घन वा अर्धघन आहार मिळत होता. ६ ते २३ महिने वयोगटात पुरेसा आहार मिळणाऱ्या बालकांचे प्रमाण ११.३ टक्के होते आणि ६ ते ५९ महिने वयोगटातील ६७.१ टक्के बालकांत रक्ताल्पता आढळली. ज्या देशात अन्नप्राशनाला संस्काराची प्रतिष्ठा आहे त्या देशातील हे आकडे आहेत.

काल : सहावा महिना की दहावा?

अन्नप्राशनाच्या कालाविषयी संहितांत मतभेद आहे, असे आपल्या वर्तुळात नेहमी म्हटले जाते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सहा महिन्यांच्या बालकास लघु आणि हितकर अन्न द्यावे असा आदेश आहे. वाग्भटही सहाव्या महिन्यात क्रमाक्रमाने अन्न देण्यास सांगतात. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या प्रयत्नाने उजेडात येऊन १९३८ मध्ये मुद्रित झालेल्या काश्यपसंहितेत मात्र सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि दहाव्या महिन्यात अन्नप्राशन असा विभाग आहे. या दुसऱ्या वचनाचा आधार घेऊन "दहा महिन्यांपर्यंत दूधच पुरे" असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो.

आमच्या मते हा अर्थ मूळ ग्रंथाशी विसंगत आहे. काश्यपांनी दहाव्या महिन्यापर्यंत केवळ स्तन्य सांगितलेले नाही. सहाव्या महिन्यात त्यांनी फळ सांगितले आहे. म्हणजे स्तन्याव्यतिरिक्त आहाराचा आरंभ सहाव्या महिन्याच्या सुमारास व्हावा, याविषयी तिन्ही ग्रंथांचे एकमत आहे. भेद आहे तो आरंभीच्या द्रव्याचा. जागतिक आरोग्य सभेने २००१ मध्ये सहा महिने निव्वळ स्तनपान आणि त्यानंतर पूरक आहार ही शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही सहा महिने, म्हणजे १८० दिवस, हीच मर्यादा कायम आहे.

यामागील कारण वैद्याने जाणून घ्यावे. मातेच्या दुधात लोहाचे प्रमाण एका लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. बालक जन्मतः जो लोहाचा साठा घेऊन येते तो सुमारे सहा महिन्यांत संपत येतो. पुढील लोह अन्नातूनच यावे लागते. दूध उत्तम असूनही ते त्या काळी अपुरे ठरते.

येथे दोन व्यावहारिक सूचना आवश्यक वाटतात. पहिली, "सहावा महिना लागला" आणि "सहा महिने पूर्ण झाले" यांत तीस दिवसांचे अंतर आहे. मातेशी बोलताना जन्मतारखेवरून १८० दिवस मोजून दिवस सांगावा. बालक आधाराने बसते, मान स्थिर धरते, तोंडात आलेला घास जिभेने बाहेर ढकलत नाही, ही लक्षणेही पाहावीत. दात येण्याची वाट पाहू नये. मऊ अन्न हिरड्यांनी कुस्करता येते. दुसरी, मुलाचे उष्टावण सम महिन्यात व मुलीचे विषम महिन्यात करण्याची रूढी अनेक घरांत आहे. मामाची रजा, मुहूर्त, कुलदैवताचे दर्शन यांमुळे हा विधी लांबतो. विधी सोयीने करण्यास हरकत नाही. परंतु १८० दिवस पूर्ण होताच घरचे अन्न सुरू करावे आणि समारंभ मागाहून करावा, असे वैद्याने स्पष्ट सांगावे. मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात ठरले असेल, तर त्या दिवशी विधी प्रतीकात्मक ठेवून आहाराचा आरंभ सहा महिने पूर्ण झाल्यावर करावा.

क्रम : मंडापाशी अडलेले बालक

मंड, पेया, विलेपी, ओदन हा क्रम वैद्याला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मंडासाठी तांदळाच्या चौदापट पाणी घेऊन तो शितांविना गाळला जातो. विलेपीला चौपट पाणी पुरते. एकाच मूठभर तांदळापासून झालेल्या या दोन कल्पना, परंतु त्यांतील अन्नांशात केवढे अंतर!

वमन-विरेचनाने क्षीण झालेल्या रुग्णालाही प्रधान शुद्धीनंतर आपण सात दिवसांत संसर्जनक्रमातून प्राकृत आहारावर आणतो. महिनाभर त्याला मंडावर ठेवणारा वैद्य कोणी पाहिला आहे काय? मग ज्याचा अग्नी रोगाने मंद झालेला नाही, केवळ नवा आहे, अशा निरोगी बालकाला दोन-दोन, तीन-तीन महिने भाताच्या आणि वरणाच्या पाण्यावर का ठेवले जाते? क्रम या शब्दात पुढे जाणे अभिप्रेत आहे. पहिल्या पायरीवर थांबलेल्याला क्रम म्हणता येत नाही.

या विलंबाचे गणित सोपे आहे. बालकाच्या आमाशयाची धारणशक्ती वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० ग्रॅम असते. आठ किलो वजनाच्या बालकाच्या पोटात एका वेळी जेमतेम २४० ग्रॅम मावते. ती जागा पाण्याने भरली, तर बालक तृप्त दिसते, झोपतेही; परंतु धातूंना पोषण मिळत नाही. त्यातच स्तन्यपानही घटते, कारण पोट भरलेले असते.

यास्तव आम्ही मातांना पुढील क्रम सांगतो. पहिले चार-पाच दिवस पातळसर खिमट, दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. त्यानंतर लगेच घट्टपणा वाढवावा. चमचा तिरका केला तरी अन्न ओघळू नये, हे त्याचे साधे परिमाण. आठवा महिना पूर्ण होईतो दिवसातून दोन ते तीन वेळा, वाढवत वाढवत अर्धी वाटी (वाटी २५० मिलिलिटरची धरावी). नऊ ते अकरा महिन्यांत तीन ते चार वेळा, अर्धी ते पाऊण वाटी. वर्षानंतर तीन ते चार वेळा, पाऊण ते पूर्ण वाटी. भुकेनुसार मध्ये एक-दोनदा फळ किंवा तत्सम खाऊ. मिक्सरमधून गंधासारखे वाटून देऊ नये. हाताने कुस्करावे, आठ-नऊ महिन्यांनंतर बारीक कण राहू द्यावेत आणि बारा महिन्यांस बालकाने घरच्या ताटातील मऊ अन्न खावे. या सर्व काळात स्तनपान चालू असावे. क्षीरान्नाद या संज्ञेचा अर्थच तो आहे.

द्रव्य आणि संस्कार

काश्यपांनी जुना, नीट धुतलेला, चांगला शिजवलेला तांदूळ स्नेहासह सांगितला आहे आणि सात्म्यानुसार गहू व जव यांची मुभा दिली आहे. आपल्याकडील तांदूळ व मूगडाळीचे खिमट, गुरगुट्या भात आणि घट्ट वरण, वर अर्धा चमचा साजूक तूप, हा त्याच परंपरेतील आहार होय. तीन भाग तांदूळ व एक भाग मूगडाळ वेगवेगळी भाजून दळून ठेवल्यास नोकरी करणाऱ्या मातेचीही सोय होते. तूप अल्प जागेत अधिक बल देते. ते टाळण्याचे कारण नाही. मीठ व साखर मात्र वर्षाच्या आत घालण्याची आवश्यकता नाही.

लोहासाठी डाळी, मोड आलेले मूग शिजवून कुस्करून, पालेभाजी आणि त्यासोबत लिंबाचे चार थेंब द्यावेत; आंबट रसामुळे वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते. ज्या घरी मांसाहार आहे तेथे अंडे, मासा, मांस नीट शिजवून, काटा-हाड काढून, बारीक करून सहा महिन्यांनंतर देता येते. संसर्जनक्रमात मांसरसाला स्थान देणाऱ्या शास्त्राला यात काही अपूर्व नाही. शेंगदाणा व अंडे मुद्दाम उशिरा द्यावे, हा पूर्वीचा समज आता टिकलेला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील अभ्यासात जोखमीच्या बालकांना शेंगदाणा लवकर दिल्याने त्याची असात्म्यता घटल्याचे दिसले. तो बारीक वाटून खिमटातून द्यावा. अख्खा दाणा, फुटाणे, अख्खे द्राक्ष घशात अडकते. तीव्र त्वग्विकार असलेल्या बालकाबाबत आधी बालरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

घट्ट अन्न बालकाला गिळता येत नाही, अशी तक्रार असल्यास त्यावरही घरगुती उपाय आहे. गहू, नाचणी वा बाजरी यांना मोड आणून, वाळवून, हलकेच भाजून केलेले पीठ चमचाभर घेऊन चुलीवरून उतरवलेल्या गरम, घट्ट खिमटात मिसळले, की ते काही मिनिटांत पातळ होते. मोडातील पाचकांश पिष्टाचे विघटन करतो, आणि पाणी न वाढवता अन्न सुलभ होते. नंतर एक कढ आणून कोमट करून भरवावे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या पिठाचा पद्धतशीर अभ्यास केला. विरूढ धान्य गुरू सांगितले आहे, हा आक्षेप येथे सुचणे स्वाभाविक आहे. परंतु वाळवणे, भाजणे, शिजवणे या संस्कारांनी द्रव्याचे गुण पालटतात, हेही आपल्याच शास्त्राचे सांगणे आहे.

शासनाच्या ॲनिमिया मुक्त भारत (२०१८) कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांस आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-फॉलिक ॲसिडचे द्रव औषध देण्याची तरतूद आहे. आपल्या चिकित्सेत असलेल्या बालकाचे ते औषध अकारण बंद करू नये.

मधाविषयी स्पष्ट भूमिका

हा भाग कटू वाटेल, तरी सांगणे प्राप्त आहे. वर्षाच्या आतील बालकास मध कोणत्याही रूपात देऊ नये. चाटण, अनुपान, खीर किंवा सुवर्णप्राशन यांपैकी काहीही त्यास अपवाद नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते वाढत नाहीत. तान्ह्या बालकाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष निर्माण करतात. मलावरोध, क्षीण रडणे, पापण्या जड होणे, स्तनपान मंदावणे आणि अंग लुळे पडणे अशी लक्षणे दिसतात व श्वसन बंद पडण्याचा धोका असतो. अशा बालकास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

मध शुद्ध आहे, हे त्याचे उत्तर नव्हे. अस्सल मधातही बीजाणू असतात. साध्या उकळण्याने ते मरत नाहीत, आणि तापविलेला मध तर आपल्या शास्त्रात निषिद्धच आहे. लेहनप्रकरणी ग्रंथात मधाचा निर्देश आहे, हे आम्ही जाणतो. परंतु बालकांतील ही व्याधी १९७६ मध्ये प्रथम ओळखली गेली. चरकांनी आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांना परीक्षेत स्थान दिले आहे; नव्याने प्रत्यक्ष झालेले सत्य स्वीकारणे हा ग्रंथाचा अवमान ठरत नाही. प्रियाळाची मज्जा, यष्टिमधु, लाजा, खडीसाखर आणि मध यांचा वाग्भटोक्त मोदक स्तन्य सुटत असलेल्या बालकासाठी आहे. तो वर्षानंतर निःशंकपणे योजता येतो. त्यापूर्वी अनुपान म्हणून मातेचे दूध किंवा, सहा महिन्यांनंतर, तूप योजावे.

औषधी दुकानदारांसाठी

शिशुदुग्ध-पर्याय, दुधाच्या बाटल्या व शिशुआहार यांविषयीचा १९९२ चा केंद्रीय कायदा २००३ मध्ये सुधारण्यात आला. सहा महिने ते दोन वर्षे वयासाठी स्तन्यास पूरक म्हणून विकले जाणारे कोणतेही अन्न, त्यास नाव काहीही असो, 'शिशुआहार' या व्याख्येत येते. त्याची विक्री करता येते. जाहिरात, मोफत नमुने व प्रलोभने यांना मनाई आहे. आरोग्यसेवा व्यवस्थेच्या व्याख्येत या सुधारणेने औषधी दुकाने आणि आरोग्यसेवकांच्या संघटनाही आल्या. दुकानातील बालआहाराचे भित्तिपत्रक, चिकित्सालयातील नमुन्याची पाकिटे आणि अशा कंपनीच्या खर्चाने भरणारी आपली परिषद, ही तिन्ही याच कायद्याच्या कक्षेत येतात. 'आयुर्वेदीय' असे नाव छापलेले नाचणी सत्त्वही बालकांचा पूरक आहार म्हणून विकले, तर त्यास अपवाद नाही.

गिऱ्हाईक मध मागते तेव्हा "बाळ किती महिन्यांचं?" एवढा एक प्रश्न दुकानदाराने विचारला, तरी मोठे काम होईल. हेच बंधन मधमिश्रित चाटणे आणि सुवर्णप्राशनाचे थेंब विकतानाही पाळावे.

वैद्यबंधूंना व भगिनींना आमची विनंती अशी की, गर्भिणीची नोंद घेतानाच प्रसूतीनंतरच्या १८० व्या दिवसाची तारीख काढून देण्याची पद्धत ठेवावी, आणि सातव्या, नवव्या व बाराव्या महिन्यात बालकाचे वजन करून त्याची वाटी प्रत्यक्ष पाहावी. मातेला घरून खिमट आणावयास सांगावे आणि चमचा तिरका करून दाखवावा. औषधाची चिठ्ठी बहुधा त्यानंतर लिहावीच लागणार नाही.