ही गोष्ट सांगतंय कोण?

गोष्ट वाचून झाली की आपण मुलांना विचारतो, "यातून काय शिकलात?" त्याआधी एकदा हे विचारून बघा : ही गोष्ट सांगतंय कोण?

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' घ्या. पोहायला जायचं नाही म्हणून श्याम लपून बसतो. आई त्याला शोधून मारते आणि पोहायला धाडतेच. सांगणारा 'मी' श्यामच आहे, पण मोठा झालेला, आश्रमात रात्री मित्रांना आठवणी सांगणारा. आई तशी का वागली, हे त्याला आता कळलंय. हेच त्या दिवशी, पाठीवर वळ ताजे असताना, छोट्या श्यामने सांगितलं असतं तर? प्रसंग तोच, पण आई दुष्ट वाटली असती.

नेरूळच्या माझ्या चौथीच्या वर्गाला मी हा प्रसंग आईच्या बाजूने लिहायला सांगितला. बहुतेकांनी फक्त 'आईने मारलं'चं 'मी मारलं' केलं. (चालायचंच!) एका मुलीने मात्र लिहिलं, "तो गेल्यावर मी चुलीपाशी बसले. माझा हात थरथरत होता." श्यामला हे दिसणं शक्यच नाही, तो तेव्हा पाण्यात होता. 'मी' जिथे नाही, तिथलं 'मी'ला सांगता येत नाही. हे त्या मुलीला व्याख्येशिवाय कळलं.

पालकांना एक विनंती. मुलाच्या वहीत "मी पैसे चोरले" अशी गोष्ट दिसली, तर ओरडण्याआधी विचारा, "हा 'मी' कोण रे?"