उन्हात न उकलणारा सांधा

मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये लोखंडी वाटणारी कितीतरी चिलखतं प्रत्यक्षात इव्हीए फोमची असतात. धावण्याच्या बुटांच्या तळात असतो तोच हा पदार्थ: इथिलीन आणि व्हिनाइल ॲसिटेटच्या लांब साखळ्या, त्यांत कोंडलेले हवेचे असंख्य बुडबुडे. हीट गनचा झोत लागला की सपाट तुकडा मऊ पडतो, हाताने वळवून धरला की खांद्याची गोलाई घेतो आणि थंड झाल्यावरही ती सोडत नाही.

हेच चिलखत मे महिन्यात बंद गाडीत ठेवा. आतलं तापमान 60 अंशांपुढे सहज जातं आणि ग्लू गनने जोडलेले सांधे उकलू लागतात. थक्क करणारी गोष्ट ही, की ग्लू गनच्या कांडीतही बहुधा इव्हीएच असतं! एकाच कुळातले दोघे. मग फोम शाबूत आणि गोंद ढिला, असं का?

फोम बनवताना पेरॉक्साइडच्या साहाय्याने त्याच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधलेल्या असतात. तापल्यावर तो मऊ होतो, पण ओघळत नाही. कांडीतल्या साखळ्या मात्र सुट्या, शिवाय सोबत राळ आणि मेण. वितळणं हाच तिचा गुण.

म्हणून जाणकार कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह निवडतात. सुतार सनमायका चिकटवायला वापरतात, त्या जातीचं. त्याचा आधार पॉलिक्लोरोप्रीन, 1930 साली ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं कृत्रिम रबर. दोन्ही कडांना पातळ थर लावायचा, द्रावक उडून थर बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. कोरडे दिसणारे ते थर भेटताच साखळ्या एकमेकींत शिरतात आणि बारीक स्फटिक बनून घट्ट होतात.

पण हे स्फटिकही साधारण 50 अंशांना वितळू लागतात. रसायनतज्ज्ञांनी त्यावरही उपाय शोधला: रबरात फिनॉलिक राळ आणि मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळायचं. दोघांच्या संयोगातून तयार होणारा पदार्थ 200 अंशांनाही वितळत नाही. स्फटिक हरले तरी सांधा तो सावरतो. डबा घेताना म्हणूनच ‘उष्णतारोधक’ हा उल्लेख आणि तापमानाची मर्यादा पाहून घ्यावी. सुपरग्लू झटकन धरतो, पण त्याचा जोड कडक आणि ठिसूळ. वाकणाऱ्या फोममध्ये तो तडकतो.

तुकड्यांना आकार आधी द्यावा, गोंद नंतर लावावा. द्रावक पेट घेणारा असतो आणि त्याची वाफ अपायकारक. खिडक्या उघड्या हव्यात आणि हीट गन दूर.

शेवटी परीक्षा: फोमचे दोन उरलेले तुकडे जोडून पूर्ण दिवस वाळू द्या, दुपारभर उन्हातल्या गाडीत ठेवा आणि गरम असतानाच ओढा. फोम फाटला पण सांधा सुटला नाही, तर तो गोंद तुमच्या चिलखताचा.