लेकरू वसतिगृहावर गेले. आता आईबापांची परीक्षा

प्रवेशाच्या याद्या लागल्या की आमच्या कचेरीत दोन प्रकारचे पालक येतात. पहिले कागदांसाठी येतात. कुणाचे जात वैधता प्रमाणपत्र अडकलेले असते, कुणाला उत्पन्नाचा दाखला मिळालेला नसतो. काम झाले की पेढे देऊन जातात. दुसरे दोन महिन्यांनी येतात. त्यांच्या हातात कागद नसतो. बसतात, पाणी पितात, पावसापाण्याचे बोलतात आणि उठता उठता म्हणतात, "वकीलसाहेब, पोरगं पुण्याला गेलंय. घरात करमत नाही बघा."

या दुसऱ्या पालकांविषयी आज लिहावयाचे आहे. मुलांना शिकवा असे चळवळीने सांगितले आणि समाजाने पोटाला चिमटा काढून ते ऐकले. पण मूल दूर गेल्यावर मागे उरलेल्या आईबापांनी कसे राहावे, हे त्यांना कुणी सांगितले नाही. मोठ्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून या विषयावर छापून येते, नाही असे नाही. तिथे सल्ला असतो की छंद जोपासा, सहलीला जा. जी माउली पहाटेपासून चार घरची धुणीभांडी करते आणि पोरगा गेल्यापासून पाचवे घर धरते, तिने कुठला छंद जोपासावा?

आपल्या घरांचा प्रश्न मुळातच वेगळा आहे. पुष्कळ घरांत आधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसते. मूल पहिल्या सत्रात नापास झाले, जेवण सोडून बसले, फोनवर रडले, तर "असं होतं, आमच्या वेळीही झालं होतं" असे म्हणणारा काका किंवा आत्या नसते. मग आईबाप एक तर गप्प बसतात, नाही तर घाबरून नको ते बोलतात.

आम्ही १९९८ साली मराठवाड्यातल्या एका खेड्यातून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, नागसेनवनात शिकायला गेलो. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, ते आमच्यासारख्यांसाठीच. वडील रस्त्याच्या कामावर रोजंदारीने जात. त्यांनी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवली, वसतिगृहाच्या दारात उतरवली आणि मुक्कामी गाडी चुकेल म्हणून चहाही न घेता परतले. गावात किराणा दुकानात एकच फोन होता. रात्री दर उतरल्यावर आम्ही बूथवरून फोन लावायचो, दुकानदार आईला बोलावणे पाठवायचा. आई विचारायची, "जेवलास का?" आम्ही हो म्हणायचो. पुढे ती काही बोलायचीच नाही. आम्हाला वाटे, तिला बोलायला काही सुचत नाही. फोन ठेवल्यावरही ती बराच वेळ तिथेच उभी राहत असे, हे त्या दुकानदाराने आम्हाला सांगितले ते ती वारल्यानंतर.

आणि आम्ही तरी तिला काय सांगितले? पहिल्या सहा महिन्यांत आम्ही दोनदा पेटी भरली होती. इंग्रजीचे काही कळत नव्हते. परत जाण्याचे धैर्य झाले नाही, कारण वडिलांनी साऱ्या वस्तीत सांगून ठेवले होते की आमचा पोरगा बाबासाहेबांच्या कॉलेजात आहे. त्यांच्या त्या अभिमानाने आम्ही टिकलो हे खरे. त्याच अभिमानाने आमचे तोंड बंद केले, हेही खरे.

आजही एसटी स्टँडवर हेच चालते. पोरगा गाडीत चढतो आणि खालून बाप सांगतो, "समाजाचं नाव काढ. बाबासाहेबांसारखा हो." अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर एवढा डोंगर ठेवून आपण घरी येतो, आणि तो मोकळेपणाने बोलत नाही म्हणून झुरतो. बाबासाहेबांच्या घरात तरी सारे सोपे होते काय? सुभेदार रामजींनी परळच्या चाळीतल्या एका खोलीत, रात्री दोन वाजेपर्यंत जागून, मुलाला अभ्यासाला उठवले. पण तोच मुलगा १९१३ च्या जानेवारीत बडोद्याला नोकरीवर निघाला तेव्हा ते त्यांच्या मनाला पटलेले नव्हते. काही दिवसांतच ते अंथरुणाला खिळल्याची तार गेली. बाबासाहेब निघाले, वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. बापलेकांची भेट झाली ती शेवटची. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले आणि त्याच वर्षी मुलगा कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. रामजीबाबांनाही मूल जवळ असावे असे वाटत होते, एवढे आपल्या पालकांना कुणी सांगितले तरी त्यांना आपल्या रडण्याची लाज वाटणार नाही.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्याकडे आले. मुलाने पहिल्याच महिन्यात फोनवर सांगितले होते की खोलीतली मुले प्रवेश परीक्षेतले गुण विचारतात आणि कोट्यातला म्हणून हसतात. बापाने उत्तर दिले, "आपण सहन करायचं, डिग्री घेऊन यायचं." बापाचे आयुष्य सहन करण्यातच गेले होते, त्याला दुसरे काय सुचणार? मुलाने पुन्हा कधी तक्रार केली नाही. दर रविवारी "बरं आहे" म्हणत राहिला. वर्षाअखेरीस कळले, तो चार महिन्यांपासून वर्गातच गेला नव्हता. बाप विचारत होता, "साहेब, तेव्हा मी काय म्हणायला पाहिजे होतं?"

आम्ही त्यांना म्हटले, "कोण हसलं? किती वेळा? वसतिगृहाच्या अधीक्षकाला माहीत आहे का?" एवढे विचारले असते तरी पुरे होते. आम्ही वकील आहोत म्हणून असे सांगतो असे नाही. मूल सांगते आणि आपण तपशील विचारतो, तेव्हा त्याला कळते की आपले खरे मानले गेले.

कायदाही थोडा ठाऊक असू द्या. रॅगिंगविरोधी जे हमीपत्र प्रवेशाच्या वेळी भरतात, त्यावर पालकाचीही सही असते; विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी ती आणली. बहुतेक पालक न वाचता सही करतात. त्या नियमांनुसार चोवीस तास चालणारी मदतवाहिनी आहे, १८००-१८०-५५२२. हा क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. याच आयोगाने २०१२ साली जातीय भेदभावाविरुद्ध नियम केले, त्यात प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा अशी तरतूद केली. ती कागदावरच राहते म्हणून २०१९ साली राधिका वेमुला आणि आबेदा तडवी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. रोहित १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत गेला, डॉ. पायल २२ मे २०१९ ला मुंबईत. या दोन आयांनी आपल्यासाठी काही मागितले नाही. तुमच्या-आमच्या लेकरांना वसतिगृहात कुणी वाली असावा, एवढेच मागितले.

पैशाचेही बोलून मोकळे व्हावे. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये ठरलेले आहेत. पण रक्कम वेळेवर येईलच असे नाही, आणि मेसवाला थांबत नाही. तोवर मूल एक वेळ जेवते आणि फोनवर "जेवलो" म्हणते. म्हणून "जेवलास का?" याच्यापुढे "काय जेवलास?" असेही विचारावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक त्रास असतो, नातेवाइकांचा. "पोरीला एकटं सोडलं?" असे विचारणारे घरी येऊन चहा पितात. त्यांच्या धाकाने आईबाप दिवसातून सहा वेळा फोन करतात, कुठे आहेस, कुणासोबत आहेस. पोरीला तो पहारा वाटतो आणि ती फोन उचलेनाशी होते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमचीच मुलगी गेल्या वर्षी पुण्याला गेली, आणि इतरांना शहाणपण शिकवणारे आम्ही पहिला महिनाभर तेच केले. शेवटी तीच म्हणाली, "पप्पा, रविवारी बुद्धवंदनेनंतर मीच लावत जाईन. तोवर तुम्ही लावू नका."

तिच्या आईने वस्तीतल्या विहारात अशा आणखी पाचजणी शोधून काढल्या. वंदना झाली की त्या तिथेच मागे थांबतात. एकीचा मुलगा नागपुरात, एकीची मुलगी नर्सिंगला नांदेडला. एकीला आवाजी निरोप पाठवता येत नव्हता, तो दुसरीने शिकवला. कुणाच्या मुलाचा फोन दोन दिवस लागला नाही तर दुसरीचा मुलगा जाऊन बघून येतो. त्यांना आम्ही कायद्याची माहिती द्यायला गेलो होतो. अर्ध्या तासाने त्यांनी आम्हाला चहा देऊन वाटेला लावले, त्यांचे बोलणे राहिले होते म्हणून.

घरी अजून तिघांच्याच मापाचा भात पडतो. रविवारी अकराच्या सुमारास आम्ही पेपर घेऊन फोनजवळ बसतो. मागच्या रविवारी तिने सांगितले की एका विषयात ती नापास झाली आहे. ओठांवर आलेले वाक्य आम्ही गिळले आणि विचारले, पेपर कुठे अवघड गेला. ती वीस मिनिटे बोलत होती.